मदत हवी आहे : टावीच्या मॉडेलमधली गळती इकोशी जुळत नाही

जाळीदार
महाधमनीची झडप कॅथेटरने बदलल्यावर (टावी) तिच्या कडेने किती रक्त गळेल, हे आधीच सांगणारं मॉडेल करतोय. सीटीवरून महाधमनीचं मूळ आणि कॅल्शियम वेगळं काढलं. नायटिनॉलची (निकेल-टायटेनियमच्या मिश्रधातूची) आपोआप उघडणारी फ्रेम अबाकस एक्स्प्लिसिट या सॉफ्टवेअरमध्ये आवळून सोडली आणि त्यानंतरच्या आकारावर डायस्टोलमधला (हृदय सैल पडतानाचा) प्रवाह काढला. भिंत २ मिमी जाड, मॉड्युलस (कडकपणाचं माप) २ मेगापास्कल. ८५० एचयूच्या (सीटीतलं घनतेचं एकक) वरचं सगळं कॅल्शियम धरलंय, तेही पूर्ण कडक.

पहिल्या रुग्णात डाव्या कस्पखाली (झडपेच्या पाकळीखाली) मॉडेल मोठी गळती दाखवतं, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) नावापुरतीच आहे. दुसऱ्यात नेमकं उलट. भिंतीचा मॉड्युलस दुप्पट केला, निम्मा केला, चित्र तेच. काय तपासू?

एचयू_आधी
भिंत सोडा, कॅल्शियम बघा. ८५० हा आकडा सरसकट चालत नाही. काँट्रास्टमुळे (सीटीसाठी शिरेतून दिलेल्या द्रव्यामुळे) रक्त एका रुग्णात ३०० एचयूला दिसतं, दुसऱ्यात ५५० ला, आणि नॉइज जास्त असेल तर काँट्रास्टचेच ठिपके कॅल्शियममध्ये घुसतात. चढत्या महाधमनीत एक वर्तुळ टाकून सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, त्यावरून त्या रुग्णापुरती मर्यादा ठरवा. मग एकेक स्लाइस डोळ्यांनी तपासा. कस्पच्या खाली, डाव्या जवनिकेच्या बाहेर पडण्याच्या वाटेत चिकटलेले छोटे खडे सगळ्यात महत्त्वाचे. मर्यादा उंच ठेवली की तेच आधी गायब होतात आणि फ्रेम भिंतीला छान टेकल्यासारखी दिसते. तुमच्या दुसऱ्या रुग्णात हे झालं असण्याची दाट शक्यता.

पहिल्यात ब्लूमिंगचा संशय आहे. सीटीत खडा असतो त्यापेक्षा फुगलेला दिसतो. असा फुगलेला खडा कडक ठेवला की तो फ्रेमला ढकलून धरतो आणि शेजारी खोटी फट तयार होते. त्याला इलास्टिक-प्लास्टिक (जास्त ताणाखाली कायमचा चेपणारा) करा. मॉड्युलस ४ मेगापास्कल, यील्ड (कायमचं चेपणं जिथे सुरू होतं तो ताण) ०.६ मेगापास्कल हे आकडे प्रकाशित मॉडेलांमध्ये वापरलेले आहेत, तिथून सुरुवात करा.

आणि सीटी कुठल्या फेजची आहे? अ‍ॅन्युलसच्या (झडपेच्या कड्याच्या) मापासाठी सिस्टोल (हृदय आकुंचन पावतानाची फेज) घ्या, आर-आर अंतराच्या (ईसीजीतल्या दोन ठोक्यांमधल्या) ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास. डायस्टोलमध्ये तो बहुधा लहान आणि जास्त लंबगोल भरतो.

फ्रेमवाला
नायटिनॉलबद्दल एक. फ्रेम खरोखर आवळून मग उघडताय ना? उघडताना ती अनलोडिंगच्या पठारावर (ताण जवळपास स्थिर राहतो त्या टप्प्यावर) चालते आणि तिथला ताण लोडिंगपेक्षा बराच कमी असतो. पूर्ण उघडी फ्रेम थेट मुळात बसवून संपर्क सोडवला तर बाहेरचा जोर जास्त येतो आणि गळती कमी दिसते. पदार्थाचे गुणधर्म ३७ अंशांचे हवेत. गतिज ऊर्जा अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. मास स्केलिंग (गणित लवकर उरकायला वस्तुमान कृत्रिमपणे वाढवणं) वाढवलं की फ्रेम भिंतीवर आपटून उसळते.

स्कर्ट (फ्रेमच्या खालच्या भागावरचं आवरण) विसरू नका. तो नसेल तर प्रवाह फ्रेमच्या जाळीतूनच पळतो आणि त्याला गळती म्हणून मोजलं जातं.

जाळीदार
स्कर्ट आहे. फ्रेम कड्याच्या खाली किती उतरते ती खोली मात्र दोघांत नियोजनाची, ४ मिमी ठेवलीय.

एचयू_आधी
मग तुलना अजून सुरूच झालेली नाही. प्रक्रियेनंतरच्या अँजिओग्राममधून नॉन-कोरोनरी आणि डाव्या कस्पखालची खोली वेगवेगळी मोजा, तिरकेपणा त्यातूनच कळतो. त्या जागी फ्रेम ठेवून पुन्हा चालवा. ते जुळलं तरच आधीच्या अंदाजासाठी फ्रेम दोन-तीन वेगवेगळ्या खोलींवर बसवून गळतीचा पट्टा द्या, एकच आकडा देऊ नका.

खोली बदलताना मेम्ब्रेनस सेप्टमच्या (हृदयातल्या पडद्याच्या पातळ भागाच्या) खालचा संपर्कदाबही काढा. ठोक्याचा विद्युत संदेश नेणारा हिसचा बंडल तिथूनच बाहेर येतो. सर्वाधिक दाब आणि दाबाखालचं क्षेत्र हे दोन्ही नोंदवा. खोल बसवून गळती कमी झाली आणि पेसमेकर लागला, तर रुग्णाचा फायदा काय?

फ्रेमवाला
पहिल्या रुग्णाच्या नोंदीत झडप बसवल्यानंतर ती आणखी उघडायला फुगा फुगवलाय का तेही बघा. इको त्यानंतरचा असेल तर मॉडेलमध्येही तोच फुगा, त्याच व्यासाचा, त्याच जागी फुगवून परत सोडावा लागेल. तोपर्यंत कॅल्शियमची मर्यादा इकोकडे बघून हलवू नका.