४५ वर्षे जुने, २४ सदनिकांचे भाड्याचे संकुल: आधी उभ्या पाइपलाइनी की आधी सदनिकांचे नूतनीकरण? मदत हवी आहे

नमस्कार. माझी बहीण, मेहुणे आणि मी असे तिघे मिळून भाड्याने दिलेल्या सदनिकांचे एक जुने संकुल विकत घेण्याचा विचार करत आहोत. इमारत चार मजली असून प्रत्येक मजल्यावर सहा सदनिका आहेत आणि बांधकामाला सुमारे ४५ वर्षे झाली आहेत. विक्रेत्याने तपासणीसाठी ३० दिवस दिले आहेत, त्यांतले ११ संपले. विसार अजून दिलेला नाही, त्यामुळे माघार घेण्याची वाट मोकळी आहे. ज्यांनी अशी इमारत घेतली, दुरुस्त केली किंवा सांभाळली आहे, त्यांनी कृपया वेळ काढून सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

विक्रेत्याने मांडलेली योजना वरवर पाहता साधी आहे. जी सदनिका रिकामी होईल तिचा ओटा, न्हाणीघर, फरशी आणि रंगकाम नव्याने करायचे आणि पुढच्या भाडेकरूकडून वाढीव भाडे घ्यायचे. एका सदनिकेच्या पूर्ण कामाला सध्याच्या चौदा महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येईल असा अंदाज आम्हाला मिळाला. काम चालू असताना सदनिका दोन महिने रिकामी राहणार, म्हणजे एकूण सोळा महिन्यांचे भाडे गुंतले. भाडे वीस टक्क्यांनी वाढले असे धरले, तर ही रक्कम भरून यायला ८० महिने, म्हणजे सहा वर्षे आठ महिने लागतात. एवढा काळ थांबण्याची आमची तयारी होती आणि त्या भरवशावरच बोलणी पुढे गेली.

दुसऱ्या भेटीच्या वेळी आम्ही ओळखीच्या प्लंबरला सोबत नेले, आणि तिथे आमचे गणित अडले. पंपाच्या खोलीत मागच्या कोणत्या तरी दुरुस्तीत कापून काढलेला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा हातभर तुकडा कोपऱ्यात पडून होता. त्याने तो उचलून उजेडाकडे धरला. बाहेरून पाइप धडधाकट दिसत होता, पण आत गंजाचे थरावर थर साचून जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. त्यानंतर त्याने तळमजल्यावरचा एका लाइनचा कॉक बंद करून पाहण्याचा प्रयत्न केला, तो जागचा हलला नाही. म्हणजे एखाद्या घरात नळ फुटला, तर त्या एका लाइनचे पाणी तोडण्याची सोयही आज इमारतीत नाही.

पाणी वर नेणाऱ्या आणि सांडपाणी खाली आणणाऱ्या वाहिन्या सहा ठिकाणी, तळमजल्यापासून सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत सरळ उभ्या गेल्या आहेत आणि प्रत्येक उभ्या लाइनवर एकावर एक अशा चार सदनिका आहेत. भाडेकरार मात्र कुठे तिसऱ्या मजल्यावरचा, कुठे तळमजल्यावरचा, असे विखुरलेले संपतात. सदनिका रिकामी होईल तशी नवी करत गेलो, तर जुन्या पाइपवर नवी टाइल बसेल आणि दोन वर्षांनी पाइप बदलताना तीच टाइल फोडावी लागेल. आधी लाइन बदलायची म्हटले, तर एका वेळी चार बिऱ्हाडांच्या न्हाणीघरांत काम काढावे लागेल, आणि त्यांपैकी बहुतेकांचे करार चालू आहेत. हा पेच कसा सोडवावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

हिशेबाबद्दलही मत हवे आहे. वार्षिक भाडे १०० धरले तर विक्रेत्याने खर्च ३८ आणि निव्वळ उत्पन्न ६२ दाखवले आहे. सहा टक्के कॅप रेट (किमतीच्या तुलनेत वर्षाचे निव्वळ उत्पन्न) लावून त्याने किंमत १,०३३ काढली आहे. पण त्याच्या कागदात सर्व २४ सदनिका भरलेल्या आहेत आणि आम्हाला प्रत्यक्षात दोन कुलूपबंद दिसल्या. व्यवस्था तो स्वतः पाहतो म्हणून व्यवस्थापनाचा खर्च शून्य आहे, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही शून्य आहे. आम्ही रिकाम्या घरांसाठी ८, व्यवस्थापनासाठी ७ आणि दुरुस्ती निधीसाठी ६ धरले, तेव्हा निव्वळ उत्पन्न ४१ वर आले. त्याच सहा टक्क्यांनी किंमत होते ६८३, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट. कर्जाचे वर्षाचे हप्ते ३६ होतात. विक्रेत्याच्या आकड्यांवर उत्पन्न हप्त्याच्या १.७२ पट दिसते, आमच्या आकड्यांवर १.१४ पट, आणि कर्ज देणारे सहसा १.२० ते १.२५ पट तरी मागतात. आम्ही फार कडक हिशेब लावतो आहोत का?

इमारतीला बाहेरून नुकताच रंग दिलेला आहे. मला त्याचा आनंद होण्याऐवजी काळजी वाटली, कारण जिन्याच्या दुसऱ्या लँडिंगखाली नव्या रंगातूनही एक तांबूस रेघ वर आली आहे, आणि तिथे बोटाने टकटक केल्यावर गिलावा पोकळ वाजतो. रेघ काँक्रीटमधल्या लोखंडी सळीच्या दिशेनेच जाते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तळमजल्यावर एक वयस्कर बाई १९ वर्षे राहतात. आम्ही घर पाहायला आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी आम्हाला आत बोलावले आणि सकाळी भरून ठेवलेले पांढरे पातेले दाखवले. त्याच्या तळाशी तांबड्या गाळाचा थर बसला होता. नवा ओटा किंवा नवी फरशी त्यांनी मागितली नाही. सकाळचे पहिले पाणी स्वच्छ येईल का, एवढेच त्यांनी विचारले. वीस टक्के भाडेवाढ त्यांना झेपणार नाही, हे मला त्या घरात उभे असतानाच कळले. अशा माणसांना बाहेर काढून आमचे गणित जुळवायचे नाही, यावर आम्हा तिघांचे एकमत आहे, त्यामुळे त्यांना ठेवून हा व्यवहार उभा राहतो का, हे सांगावे.

प्रतिसाद १ (स्थापत्य अभियंता)

पाइपांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तुमच्या जागी मी उरलेल्या १९ दिवसांत पहिला खर्च त्या तांबूस रेघेवर केला असता. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळी सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला (याला कार्बोनेशन म्हणतात) की पीएच ९ च्या खाली येतो, सळीवरचे संरक्षक कवच जाते आणि ओल मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि वरचा गिलावा पोकळ वाजू लागतो. नवा रंग हे सारे झाकतो, थांबवत मात्र नाही.

तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून करून घ्या. केवळ रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवर समाधान मानू नका, कारण तो पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट अधिक कठीण होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटचे आकडे खऱ्यापेक्षा चांगले येऊ शकतात. त्यासोबत अल्ट्रासॉनिक चाचणी करा. तीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट साधारणपणे चांगले मानतात, ३ च्या खाली गेला तर संशय घ्यावा. काही ठिकाणी कोअर (काँक्रीटचा गोल नळकांड्यासारखा नमुना) काढून त्याच्या ताज्या छेदावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कधर्मी भागात गुलाबी होणारे रसायन फवारायला सांगा. जिथपर्यंत गुलाबी रंग येत नाही तिथपर्यंत कार्बोनेशन पोहोचले आहे, आणि ती खोली सळीवरच्या काँक्रीटच्या थराएवढी झाली असेल तर त्या भागात गंज सुरू होण्याची परिस्थिती तयार आहे. गंज प्रत्यक्ष चालू आहे का, याचा अंदाज सळीचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीतून येतो. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजलेला आकडा उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक समजतात.

जिन्यापुरते थांबू नका. गच्चीखालचा स्लॅब, बाल्कन्यांच्या कडा, न्हाणीघरांखालची छते आणि पाण्याच्या टाकीखालचे खांब ही ओल धरणारी ठिकाणे आधी पाहावीत. गंज दोन-तीन जागी असेल तर तो दुरुस्तीचा विषय आहे. सर्व मजल्यांवर पसरलेला असेल, तर कोणत्याही किमतीला ही इमारत घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन.

प्रतिसाद २ (जुन्या भाड्याच्या इमारतींची व्यवस्था पाहणारी)

तुमचा हिशेब कडक नाही. माझ्या अनुभवात स्वतः व्यवस्था पाहणारा मालक स्वतःच्या श्रमांची किंमत कधीच कागदावर लिहीत नाही. भाड्याच्या यादीवर विसंबू नका, बारा महिन्यांचे बँकेतले प्रत्यक्ष जमेचे उतारे मागा आणि प्रत्येक भाडेकरूकडून भाडे, अनामत, कराराची मुदत आणि मालकाने तोंडी दिलेली आश्वासने यांची लेखी खातरजमा करून घ्या. तोंडी आश्वासने नंतर नव्या मालकाच्या गळ्यात येतात. अनामत रकमा खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे वर्ग होतील असे करारात लिहून घ्या. भाडेवाढ आणि करार संपवणे यांचे नियम जागेप्रमाणे फार बदलतात, तेव्हा त्यासाठी तिथल्याच वकिलाला विचारा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल. नूतनीकरणाचे एकक सदनिका धरू नका, उभी लाइन धरा. कुलूपबंद असलेल्या दोन सदनिका घाईने सजवून भाड्याने देऊ नका. त्या राहण्याजोग्या करून तात्पुरत्या मुक्कामासाठी राखून ठेवा. एका लाइनचे काम काढले की त्या चार बिऱ्हाडांपैकी ज्यांना घरात राहणे अशक्य आहे, त्यांना तिथे हलवता येते आणि काम संपले की ते आपापल्या घरी परततात. भाड्याचे थोडे नुकसान होते, पण भाडेकरू टिकतो, आणि टिकलेला भाडेकरू म्हणजे न आलेला रिकामा महिना.

पाणी वर नेणारी लाइन बदलणे तुम्हाला वाटते तितके अवघड जाणार नाही. डक्टमध्ये (पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीत) जागा असेल तर जुनी लाइन चालू ठेवून तिच्याशेजारी नवी चढवता येते, प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र कॉक बसवता येतो आणि जोडणीच्या दिवशी काही तासच पाणी बंद राहते. एक सावधगिरी घ्या: तांब्याचा नवा पाइप जुन्या जीआयला थेट जोडू देऊ नका, दोन धातूंच्या त्या सांध्यापाशी जीआय झपाट्याने गंजतो. सांडपाण्याची लाइन खरी त्रासदायक असते. तिच्यात आधी कॅमेरा घालून पाहा. पाइप फुटलेला नसेल आणि भोक पुरेसे असेल तर आतून अस्तर चढवण्याचा पर्याय मिळतो आणि भिंती फोडाव्या लागत नाहीत.

डक्ट उघडण्याआधी पाइपांवरचे जुने वेष्टण आणि सिमेंटचे पत्रे यांत अॅस्बेस्टॉस आहे का, याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. ते न पाहता छिद्र पाडू नका, त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. वायरिंगही त्याच वेळी पाहा. ४५ वर्षांपूर्वीची वायर घरात आजच्याइतकी उपकरणे असतील हे धरून टाकलेली नसते, आणि अर्थिंग नसलेल्या न्हाणीघरात नवा गीझर बसवणे हा जिवाशी खेळ आहे.

एक गोष्ट ठामपणे सांगते. नव्या पाइपसाठी कोणी वाढीव भाडे देत नाही. म्हणून पाइप, वायरिंग आणि काँक्रीट यांचा खर्च भाडेवाढीच्या गणितात घालू नका, तो खरेदीच्या किमतीतून वजा झाला पाहिजे. विक्रेता किंमत कमी करायला तयार नसेल, तर तेवढी रक्कम काम पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे अडकवून ठेवण्याची मागणी करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन प्रतिसादांनी आमचा विचार बराच बदलला. लाइन हे एकक धरून पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा चौदा महिन्यांच्या खर्चाचे पूर्ण नूतनीकरण सर्व घरांत करण्याचा हट्टच अनावश्यक वाटू लागला. रंग, दिवे, नळ आणि दारे एवढेच काम केले तर चार महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येतो, आणि भाडे नऊ टक्क्यांनी वाढले तरी तो साधारण ४४ महिन्यांत भरून निघतो. शिवाय जे भाडेकरू राहू इच्छितात त्यांच्या घरात तेवढेही काढायची गरज नाही. लाइन बदलली की सकाळचे पाणी स्वच्छ येईल, आणि तळमजल्यावरच्या बाईंना आम्ही त्याहून अधिक काही विकायला जाणार नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर येत्या गुरुवारी येत आहेत. विक्रेत्याला आम्ही ६८३ चा आकडा आणि त्यामागचा हिशेब लेखी दिला. त्याने अजून नकार दिलेला नाही, पण कोअर काढायला तो कचरतो आहे आणि नवा रंग खराब होईल असे कारण देतो आहे. आम्ही ती जागा पूर्ववत करून देण्याची लेखी हमी देऊ केली आहे. येथे कोणाला असा अनुभव असेल तर सांगावे: विक्रेता कोअर काढू देत नसेल, तर उरलेल्या चाचण्यांवर विसंबून विसार देणे योग्य ठरेल का, की तो नकार हाच आमच्यासाठी पुरेसा निकाल समजावा?