एकच झाड, अनेक चहा

हिरव्या आणि काळ्या चहाची झाडं वेगळी असतात, असं काहींना वाटतं. तसं नाही. दोन्ही, शिवाय पांढरा आणि ऊलाँगही, कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांचे. मुख्य फरक पडतो तो पान खुडल्यावर. पान चुरगळलं की पेशी फुटतात, आतला रस हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतो आणि पान काळपट होऊ लागतं. हिरव्या चहात वाफ किंवा तापलेली कढई वापरून हे लगेच रोखतात, काळ्यात पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये मधेच थांबवतात. माझ्या मते खरं कसब तिथेच, कारण नेमका क्षण बनवणारा पानाच्या वासावरून ओळखतो. चीनमधल्या युन्नान प्रांतातला पु-अर हा चहा मात्र सूक्ष्मजीवांमुळे मुरतो. आणि हिरव्या चहावर उकळतं पाणी कृपया ओतू नका, ७०-८० अंश पुरे. नाहीतर कडवट होतो.