घळ म्हणजे गुहा की चिंचोळी वाट?

रामबागकर
आमच्या इंदूरच्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी भाचीच्या पत्राचा मजकूर मराठीत करते आहे. ती यूटामधल्या बकस्किन गल्चमध्ये चालून आली. वायर पासकडून आत शिरायचं, दोन्ही अंगांना वालुकाश्माच्या उंच लाल भिंती, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकतात, वर आभाळाची नुसती पट्टी. तिकडे याला स्लॉट कॅनियन म्हणतात. मी 'चिंचोळी घळ' लिहिलं. आत्या म्हणाली, "घळ म्हणजे गुहा. समर्थांनी शिवथरघळीत दासबोध लिहिला, तो काय उघड्यावर बसून?" पण इथून जवळच्या जानापावच्या डोंगरावर जाताना बाबा ओढ्याच्या खोल चरीला घळच म्हणत. खरं कोणाचं?

लोकमान्यनगर
दोघांचंही. पाण्याने कोरलेली खोलगट जागा ती घळ. वर छत राहिलं तर गुहा, उघडी पडली तर दरी. घळघळ वाहतं म्हणून घळ, असं माझे आजोबा सांगत.

सुदामानगरचा
काका, आवाजावरून व्युत्पत्ती लावायची तर निम्मा शब्दकोश पाण्यातून निघेल! मला त्यात 'गळा' दिसतो. अरुंद, आतून गुळगुळीत, खाली उतरत जाणारा. ताई, 'घळई' का नको? महाराष्ट्रातल्या भूगोलाच्या पुस्तकांत आहे.

रामबागकर
आमचा भूगोल हिंदीतून झाला. घळई वाचली की आत्या पुन्हा विचारणार, हे काय. 'खिंड' चालेल?

लोकमान्यनगर
नको. खिंड ओलांडायची असते, डोंगराच्या या अंगाकडून त्या अंगाला. पावनखिंडीतून महाराज विशाळगडाकडे गेले. तुमची भाची काहीच ओलांडत नाहीये, ती पाण्याच्या कोरड्या वाटेने तळातून चालली आहे.

आता पुण्यात
साम्रदची सांधण दरी पाहिली आहे का कोणी? रतनगडाच्या बाजूला. तशीच अरुंद, तशीच खोल, आत ऊन जेमतेम पोचतं. तिथे 'सांदण' असंही ऐकलं. दोन भिंतींमधली सांद! इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात दोन घरांमधल्या जागेला सांदच म्हणायचे, चेंडू तिथेच अडकायचा. शब्द घरातच असताना बाहेर कशाला शोधायचा?

सुदामानगरचा
सांधण काळ्या बसाल्टची, कोनाकोनाने तुटलेली. यूटातला वालुकाश्म वाळू मिसळलेल्या पुराने घासून घासून लाटांसारखा केलेला. सांद म्हटलं की फट डोळ्यांपुढे येते, ती घासणी येत नाही. मी 'चीरदरी' सुचवतो. नवा शब्द घडवायला आपण एवढे का घाबरतो?

आता पुण्यात
घडवा, पण चीरदरी कोण बोलणार? भाचीसुद्धा नाही बोलणार. स्लॉट कॅनियन लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत वर्णन द्या. आपण स्टेशन, टेबल घेतलेच ना.

लोकमान्यनगर
स्टेशन आलं तेव्हा आपल्याकडे स्टेशन नव्हतं. घळी होत्या. आणि तिथल्या मूळ लोकांकडे बघा. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनच्या वरच्या भागाला नवाहो लोक 'त्से बिघानिलिनी' म्हणतात, खडकांतून पाणी वाहतं ती जागा. त्यांनी आकाराचं नाव ठेवलं नाही, पाण्याचं ठेवलं. आपली घळही पाण्याचीच.

रामबागकर
हे फार आवडलं. पाण्यावरूनच पुढची अडचण. भाची लिहिते की डोक्याच्या कितीतरी वर भिंतींमध्ये ओंडके अडकून बसलेले होते, मागच्या पुराने आणलेले. आभाळ निरभ्र असलं तरी दूरवरच्या पावसाचं पाणी अचानक येऊ शकतं. तिथे मी 'रेला' लिहिलं आहे.

आता पुण्यात
रेला हिंदी. मराठीत लोंढा किंवा लोट.

रामबागकर
इंदूरच्या मराठी घरांत रेलाच म्हणतात. आजीच्या तोंडी तोच होता. तिची मराठी कमी होती का?

सुदामानगरचा
कमी नव्हती. पण 'लोंढा' माणसांचाही येतो, ट्रॅफिकचाही. रेल्यात पाण्याचा धक्का जास्त आहे. माझं मत रेल्याला, मघाशी चीरदरीसाठी भांडलो तरीही.

लोकमान्यनगर
ऑगस्ट 1997 मध्ये अँटिलोपच्या खालच्या भागात 11 पर्यटक असेच वाहून गेले. पाऊस पडला होता काही मैलांवर, त्यांच्या डोक्यावर नाही. आपल्या इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला 2011 च्या जुलैत तेच झालं, लोक प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि वरून पाणी आलं. त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोर सगळे 'रेला' म्हणत होते आणि आई एकटी 'लोट आला, लोट आला' म्हणत होती. ती रत्नागिरीची.

आता पुण्यात
रत्नागिरीला लोट ओढ्याचा की समुद्राचा? माझ्या सासरी भरतीच्या पाण्यालाही लोट म्हणतात.

रामबागकर
मजकूर परवा द्यायचा आहे. रेला ठेवते आहे. पण घळीचं काय करू?

लोकमान्यनगर
भरतीला लोट? कुठल्या गावी, ते सांगा आधी.