अनुभव धागा : तुम्हाला कुणी घडवलं? घरानं, शाळेनं की गावानं?

शिक्षण, संस्कार, समाज यावर भाषणं आपण भरपूर ऐकली आहेत. इथं हकिगती हव्यात. नाशिक शहरात किंवा जिल्ह्यात वाढलेल्या, शिकलेल्या, पोटासाठी इथं आलेल्या सगळ्यांनी सांगा: तुम्ही आज जसे आहात तसे कुणामुळे झालात? घर, शाळा, बोर्डिंग, तालीम, वाचनालय, दिंडी, कारखाना, काहीही चालेल. मात्र तुम्हाला कुठं आत घेतलं आणि कुठं दारातच थांबवलं, हे दोन्ही लिहा. माणूस तिथंच घडतो असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मी करते. रामकुंडाजवळ आमचं फुलं-पूजासाहित्याचं दुकान होतं. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असायची. तिकीट नाही, आमंत्रण नाही, कुणीही येऊन बसावं. चौथी शिकलेली माझी आई दुकान आवरून मला घेऊन तिथं जायची. घरी परतताना विचारायची, "तुला काय कळलं?" आणि मग तिला काय कळलं ते सांगायची. एका वर्षी नदीवरच्या व्याख्यानानंतर ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पाणी कुठून येतं ते सांगितलंत. त्यात गटार कोण सोडतं ते राहिलं." वक्ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्याकडे बघून नीट उत्तर दिलं. मोठ्या माणसाला भर सभेत प्रश्न विचारता येतो, हे मी त्या दिवशी शिकले. आज मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) प्रशिक्षणात शिकवते, तिथंही पहिला तास प्रश्नांचाच घेते.

थांबवलं ते रंगपंचमीला. जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, त्या दिवशी उघडतात, भाऊ त्यात धप्पा (उडी) मारायला जायचे. आम्ही मुलींनी माडीवरून बघायचं, हा आमच्या घरचा नियम.

बागलाणकर

मी सटाण्याकडचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला. दहावीनंतर नाशकात बोर्डिंगला आलो. मविप्र (मराठा विद्या प्रसारक) समाज 1914 साली सुरू झाला तोच मुळी बोर्डिंगपासून. रावसाहेब थोरातांसारख्या मंडळींनी, आणि पुढं काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे यांनी, खेड्यातल्या पोरांना शहरात राहायला जागा मिळाली पाहिजे हे ओळखलं. शाळा असून उपयोग नव्हता, रात्री झोपायचं कुठं हा खरा प्रश्न होता. माझ्या वेळेपर्यंत इमारती मोठ्या झाल्या होत्या, पण प्रश्न तोच होता. लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि आईनं दिलेला लाडवांचा डबा. डबा पहिल्या रात्रीच खोलीत फिरायचा, हा न सांगता पाळला जाणारा कायदा. परीक्षेच्या दिवसांत इंग्रजी येणाऱ्यानं न येणाऱ्याला शिकवायचं, हाही तसाच.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. मी राहिलो त्या बोर्डिंगात बहुतेक आमच्याच समाजाची मुलं होती. सत्यशोधक विचारांतून उभ्या राहिलेल्या कामाचा वारसा आपण सांगतो. मग आपल्या शेजारच्या कॉटवर कोण झोपतं, हे बघायलाच हवं. मला पहिला दलित मित्र मिळाला तो नोकरी लागल्यावर. इतका उशीर व्हायला नको होता.

मुक्तिभूमीची लेक

बागलाणकर, हे लिहिलंत ते बरं केलंत.

माझे आजोबा काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात होते. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी इथली माणसं जमवली, टिकवून धरली. बायकाही त्यात होत्या, हे शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. वर्षामागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हाही आजोबा तिथं होते.

आजोबांनी पुढं देवळाचा विषय घरात काढला नाही. वडिलांना आणि आत्याला एकाच दिवशी शाळेत घातलं. आत्याचं नाव आधी लिहायला लावलं, ते ती अजून सगळ्यांना सांगते. आमच्या घरात सण कमी, पण 14 एप्रिलला प्रत्येक मुलाला नवी वही आणि पेन मिळणारच. पहिल्या पानावर आपलं पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरात लिहायचं.

त्याच आडनावानं मला थांबवलं. बदलीवर परत नाशकात आले, गंगापूर रोडच्या बाजूला फ्लॅट बघितला, बोलणी झाली. मालकांनी फोनवर पूर्ण नाव विचारलं. संध्याकाळी निरोप आला की भाचा राहायला येतोय. घरमालक उच्चशिक्षित होते. म्हणून "शिक्षणानं माणूस सुधारतो" असं कुणी सरसकट म्हणालं की मी विचारते, कुठलं शिक्षण?

घाटमाथा

मी निफाडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. छाटणीला, डिपिंगला, खुडणीला पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातली माणसं यायची, बांधाकडेला पाल टाकून राहायची. आमच्या घरी त्यांना पाणी वरून ओतून मिळायचं.

नोकरी लागली ती त्याच भागातल्या आश्रमशाळेत. या डोंगरात दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळानं स्वातंत्र्याआधीपासून शिक्षणाचं काम केलंय, त्यामुळे आजोबाही शाळेत गेलेले अशी काही घरं इथं सापडतात. तरी दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होतो, कारण आईबाप बागांवर जातात. गैरहजर मुलाच्या चौकशीला एका पाड्यावर गेलो. वडिलांनी मला ओळखलं; ते आमच्याच बागेत कामाला होते. त्यांनी मला घरात नेलं, घोंगडी अंथरली आणि घरातल्या कुणाच्याही आधी माझ्या पुढ्यात नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं ठेवलं. घास उतरेना.

तेव्हापासून शिकवणं बदललं. ही मुलं घरी कोकणी (गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची बोली) बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. वाचताना अडखळणारी पाचवीतली एक मुलगी वर्गात गप्प असायची. तिला म्हटलं, तुझ्या बोलीत सांग, नागली कशी करतात? राब भाजण्यापासून आवणीपर्यंत (रोपांच्या लावणीपर्यंत) ती न थांबता बोलली. रोपाची मुळं किती ओली ठेवायची, ते हाताची मूठ करून दाखवलं. मी फळ्यावर लिहीत गेलो आणि नंतर तिनं स्वतःचंच बोलणं वाचून काढलं. ढ म्हणून बाजूला बसवलेली अशी किती मुलं असतील!

उशिरा शिकलेली

माझं थोडकंच आहे. नववीत लग्न झालं. मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठात गेले. 1989 साली हे विद्यापीठ नाशकात आलं, आणि त्या वेळी दहावी-बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी करून बी.ए.ला बसता यायचं. रविवारी संपर्क सत्र असायचं. सासूबाई त्या दिवशी माझ्याआधी उठून डबा करायच्या. त्या स्वतः अंगठा लावणाऱ्या. "संस्कार" म्हणून मुलींना घरात बसवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आमच्या घरी त्याच शब्दाखाली मला डबा मिळाला, हे माझं भाग्य.

घाटमाथा, तुमच्या शाळेला पुस्तकं पाठवायची आहेत. कोकणी गोष्टींची कुठं मिळतील?

घाटमाथा

ताई, पुस्तकं जरूर पाठवा, चित्रांची असली तर फारच छान. पण म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी ऐकून लिहून घेणारं कुणी आलं तर त्याची गरज जास्त आहे. उन्हाळ्यात पाड्यावर बोहाडा (मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव) असतो, तेव्हा सगळी सोंगं आणि सांगणारी माणसं एकाच ठिकाणी भेटतात. या, राहायची सोय आमच्याकडे. बागलाणकर, मुक्तिभूमीची लेक, तुम्हीही या.