काकांचा जुना कॉम्प्युटर आणि नवीन राउटर

ए-३०४ काका: नमस्कार मंडळी. काल घरी नवीन राउटर बसवला. मोबाइल, टीव्ही सगळं सुरू आहे, पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आमच्या वाय-फायचं नावच दिसत नाही. राउटर बसवणारा मुलगा म्हणाला, कॉम्प्युटर बदला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि मागच्या सभेचं इतिवृत्त त्यातूनच सगळ्यांना मेल करायचंय. कुणाला काही सुचतंय का?

सी-२०१: राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू करा.

ए-३०४ काका: तीन वेळा केलं.

ए-१०३: काका, खरंच बदला आता. महात्मा गांधी रोडला सेकंडहँड लॅपटॉप बरे मिळतात. इंदिरानगरहून जाऊन यायला अर्धा तास.

ए-३०४ काका: घेईनही रे, पण २००९ पासूनची इतिवृत्तं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. मुलाच्या लॅपटॉपवर एक उघडून पाहिली तर ठरावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

बी-२०४: आज पाणी कमी दाबाने येणार आहे का?

सेक्रेटरी: हो, सकाळीच टाकी भरून ठेवलीये.

बी-१०२ ताई: काका, आत्ता कॉलेजच्या लॅबमधून आले, आता मेसेज वाचले. कॉम्प्युटर टाकू नका. आधी एवढंच सांगा, यादीत कुणाचंच नाव दिसत नाही, की शेजाऱ्यांची दिसतात आणि फक्त तुमचं नाही?

ए-३०४ काका: शेजाऱ्यांची सात-आठ दिसतात.

बी-१०२ ताई: म्हणजे वाय-फायचा डोंगल, म्हणजे यूएसबीला लावलेला तो छोटा तुकडा, धडधाकट आहे. नाव न दिसणं, नाव दिसून पासवर्ड न घेणं आणि जोडलं जाऊनही साइट न उघडणं, हे तीन वेगळे आजार आहेत. लोक तिन्हींना 'नेट बंद' म्हणतात आणि तिथेच वेळ जातो. डोंगल कुठून घेतलाय?

ए-३०४ काका: मुलाने अमेरिकेहून आणला होता. २०१२-१३ असेल. त्यावर ८०२.११एन लिहिलंय.

बी-१०२ ताई: मग मला शंका येतेय ती सांगते. ८०२.११एन ही वाय-फायची जुनी पिढी. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो; हा डोंगल बहुतेक फक्त २.४ वर चालणारा असणार, ५ त्याला ऐकूच येत नाही. शिवाय २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत १ ते ११. नवीन राउटर 'ऑटो'वर असला की कधीकधी १२ किंवा १३ निवडतो, आणि तिकडच्या डोंगलला ते नाव दिसतच नाही. राउटर पालथा करा, स्टिकरवर पत्ता आणि लॉगिन आहे का बघा. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून वायरलेस सेटिंगमध्ये चॅनेल किती आहे ते वाचा.

ए-३०४ काका: अक्षरं फार बारीक. चष्म्यावर भिंग धरून वाचतोय.

ए-३०४ काका: चॅनेल १३ आहे!!

बी-१०२ ताई: ऑटो काढून ६ करा आणि सेव्ह करा. मिनिटभर नेट जाईल, घाबरू नका.

ए-३०४ काका: नाव आलं. पण पासवर्ड टाकला की 'जोडता येत नाही' म्हणतंय. तोच पासवर्ड मोबाइलला चालतो.

बी-१०२ ताई: हा दुसरा आजार. विंडोज ७ आहे ना? त्याला डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा येतच नाही, ती २०१८ ची. राउटरमध्ये सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए२, एईएस' करा. दोन-तीन एकत्र दिसत असले तरी फक्त तेवढंच ठेवा, मिश्र ठेवलं की जुने डोंगल अडखळतात. डब्ल्यूपीए२ सुरक्षित आहे, फक्त पासवर्ड लांब हवा. 'ओपन', म्हणजे बिनपासवर्डचं, मात्र कधीही करू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

ए-३०४ काका: जोडलं गेलं! आता मेलची साइट उघडत नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं लाल अक्षरात.

ए-१०३: हे मलाही एकदा आलं होतं.

बी-१०२ ताई: काका, कॉम्प्युटरच्या घड्याळात तारीख काय आहे?

ए-३०४ काका: १ जानेवारी २००९.

बी-१०२ ताई: तेच. साइट खरी आहे हे दाखवणारी तिची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरतीच चालतात. कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलाय, म्हणून आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच झालेलं वाटत नाही. तारीख-वेळ हाताने बरोबर करा. तुम्ही रात्री भिंतीवरचं मेन बटण बंद करता ना?

ए-३०४ काका: करतो. सवय आहे.

बी-१०२ ताई: सवय चांगलीच आहे, ती सोडू नका. मेन बंद असताना घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलवर चालतं, आणि तो सेल संपलाय. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मी शनिवारी येऊन बसवते. क्लिप हलकेच सरकवली की जुना वर येतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर.

ए-३०४ काका: मेल उघडला! अगं, किती आभार मानू.

बी-१०२ ताई: आभार राहू द्या काका, एक मन लावून ऐका. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. त्यावर बँकेचं काही करू नका, ओटीपी टाकायची कामं मोबाइलवरच. आणि इतिवृत्तं श्रीलिपीतच ठेवून पाठवू नका, पीडीएफ करा. फॉन्ट पीडीएफच्या आतच जातो, मग कुणाकडेही मराठीतच दिसतं. ती सोसायटीची सोळा-सतरा वर्षं आहेत, एका जुन्या हार्ड डिस्कवर ती अशी पडलेली बघून मला खरंच भीती वाटते.

सेक्रेटरी: ताई, बाहेरची हार्ड डिस्क सोसायटीच्या खर्चाने घेऊ. पुढच्या बैठकीत ठराव मांडतो.

बी-२०४: काका, आमच्याकडे नाव दिसतं पण हॉलच्या पलीकडे रेंज येत नाही.

बी-१०२ ताई: राउटर लोखंडी कपाटावर आहे का? तिथून काढून मोकळ्या जागी ठेवा. काका, तुमचा डोंगलही सीपीयूच्या मागे भिंतीला चिकटलेला असेल तर छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणा. पत्र्याच्या डब्यामागे सिग्नल अडतो.

ए-३०४ काका: आणतो. मागच्या वर्षीचं इतिवृत्त पीडीएफ करून सगळ्यांना पाठवलंय, कुणाला मिळालं का?

सी-२०१: मिळालं काका. ११ पानं, अक्षरन् अक्षर वाचता येतंय.

ए-३०४ काका: ताई, शनिवारी सकाळी ये. सेल मी आणून ठेवतो, २००९ पासून सुरुवात करू.