अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे बालपण सातवीच्या मुलांना कसे सांगावे?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त २८ फेब्रुवारीला आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाला एका संशोधकाचे बालपण सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एडिसन यांच्या गोष्टी मुलांना तोंडपाठ असल्यामुळे मी बेल यांची निवड केली. टेलिफोन म्हणजे एकाएकी घडलेला चमत्कार असे मुलांना वाटू नये, त्यामागचे लहानपणापासूनचे कुतूहल त्यांना दिसावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (सदाशिव पेठ)
त्यांच्या आईपासून करावी. बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरा येथे झाला. आई एलायझा यांना फारच कमी ऐकू येत असे, तरीही त्या पियानो उत्तम वाजवीत. इतर लोक त्यांच्याशी कानाला लावण्याच्या नळीतून बोलत. अलेक (म्हणजे छोटा बेल) मात्र त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट स्वरात बोलत असे आणि ते त्यांना कळत असे. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. कंठ, जीभ आणि ओठ यांच्या स्थितीवरून कोणताही ध्वनी लिहिता येईल अशी चिन्हलिपी त्यांनी तयार केली होती. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य ही विभागणी आपल्याकडे वर्णमालेबरोबरच येते, त्यामुळे हा भाग मुलांना सहज समजेल. पुढे अलेक आणि त्याचा थोरला भाऊ मेलव्हिल यांनी कृत्रिम घसा, जीभ आणि ओठ असलेले एक डोके बनवले व त्यात हवा फुंकून त्याच्याकडून ‘मामा’ असा उच्चार करवून घेतला. मला स्वतःला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बोलणे म्हणजे नेमके काय घडते, हे त्या मुलांनी हातांनी घडवून पाहिले. बाराव्या वर्षी मित्राच्या वडिलांच्या गिरणीसाठी गव्हाची फोलपटे काढण्याचे यंत्र केल्याची गोष्टही आहे. ती थोडक्यात सांगितली तरी चालेल.

उत्तर (कर्वेनगर)
वरील उत्तराला एका प्रयोगाची जोड द्यावी. पियानोसमोर एखादा स्वर गायला की त्याच स्वराची तार आपोआप थरथरते, याचे बेल यांना फार आकर्षण होते. आपल्याकडे एका सुरात लावलेले दोन तानपुरे शेजारी ठेवून एकाच्या जोडीच्या तारेवर कागदाचा कपटा ठेवावा आणि दुसऱ्याची तीच तार छेडावी; कपटा हलताना मुलांना दिसेल. वेगवेगळ्या सुरांत थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या वापरून विजेच्या एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवण्याची बेल यांची खटपट याच तत्त्वावर चालली होती. २ जून १८७५ रोजी बॉस्टनमध्ये बेल यांचे सहायक वॉटसन यांनी अडकलेली पट्टी छेडली, तिचा नाद दुसऱ्या टोकाला बेल यांना ऐकू आला आणि १० मार्च १८७६ रोजी तारेवरून पहिले वाक्य पोहोचले.

उत्तर (औंध)
दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु एक बाब वगळू नये, असे मला कळकळीने वाटते. आईशी बोटांच्या खुणांनी संवाद साधणाऱ्या आणि कर्णबधिर मेबल यांच्याशी विवाह केलेल्या बेल यांनीच पुढे शाळांमध्ये सांकेतिक भाषेऐवजी केवळ मुखाने बोलणे शिकवावे, असा आग्रह धरला. त्या धोरणामुळे कर्णबधिर मुलांच्या कित्येक पिढ्यांना स्वतःच्या भाषेत शिकता आले नाही. सातवीच्या मुलांना हे समजू शकते. वर्गात कोणी कर्णबधिर विद्यार्थी असेल, तर ते सांगणे अधिकच आवश्यक आहे.