मदत हवी आहे: कुत्रीचं खुब्याचं ऑपरेशन, नंतरचे व्यायाम (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी, स्पिट्झ, वजन आठ-नऊ किलो. रामबागेत स्कूटरची धडक बसून मागच्या उजव्या मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. डॉक्टरांनी हाडाचा वरचा गोळाच काढला. एफएचओ म्हणतात त्याला. आता तिथे स्नायूंच्या आधाराने नवा, कामचलाऊ सांधा तयार होणार, त्यासाठी पाय वापरायलाच हवा, नाहीतर आखडेल, असं त्यांनी बजावलंय. टाके निघालेत.

सासूबाईंचं मात्र एकच, "हाड कापलंय, पडू दे गं तिला." शेजारच्या लॅब्रेडॉरच्या गुडघ्यात प्लेट बसवली तेव्हा त्याला बांधून ठेवला होता, हा त्यांचा पुरावा. तिथे हाड जुळायचं असतं, इथे जुळायला काही ठेवलेलंच नाही, हे सांगून दमले.

पट्टा धरून सावकाश चालवलं की पाऊल टेकते. जरा वेग आला की पाय पोटाशी घेऊन तीन पायांवर सुसाट! फरशीवर घसरते म्हणून घरभर सतरंज्या अंथरल्यात, पंगत बसायची असल्यासारख्या.

अडलंय ते इथे. कुशीवर निजवून पाय मागे ताणायचा आहे. पुढे सहज येतो, मागे नेला की वळून माझं मनगट तोंडात धरते. चावत नाही, नुसती धरते. तिथेच थांबू का? टबात पोहवू का? महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशा व्यायामांसाठी कुणी नेलंय? ओळखीतले एक (माणसांचे) फिजिओ मशीन लावून देतो म्हणतात, मला धीर होत नाही.

प्रतिसाद १
मनगट धरलं की थांबायचंच, त्याच्या किंचित अलीकडे. आधी दहा मिनिटं कोमट शेक द्या. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं असेल तर त्याचा असर असताना व्यायाम घ्या. आपली आयब्युप्रोफेन वगैरे चुकूनही नको, पोटात व्रण होतात, किडनीवर जातं. पोहताना पाय दुमडतो छान, पण मागे पुरता ताणला जात नाही. त्यापेक्षा हळूहळू चढ चढवा, भार मागच्या पायांवर येतो. मशीनचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

धागाकर्ती
पार्किंगचा रॅम्प चालेल? आणि सासूबाई तिळाचं तेल चोळू म्हणतायत.

प्रतिसाद १
रॅम्प उत्तम, पण भर दुपारी नको, पंजे भाजतात. तेल ती चाटून टाकेल. सासूबाईंना खाऊ घेऊन रॅम्पच्या वरच्या टोकाला उभं करा.